शेअर्ड होस्टिंगच्या सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे, हे कसं ओळखायचं

‘जीलिबसी २.२८ सापडलं नाही.’ शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या सेवेत, नोडची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) १८वी आवृत्ती चढवताना हा संदेश बऱ्याच जणांना भेटतो. जीलिबसी म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी. सपोर्टला विचारलं की उत्तर येतं, ‘सर, आपला सर्व्हर लिनक्स आहे.’ उत्तर खरं असतं, पण उपयोग शून्य. लिनक्स म्हणजे सेंटओएस ७ की अल्मालिनक्स ८, क्लाउडलिनक्स की उबंटू, यावरच तर पुढचं सगळं अवलंबून असतं.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे कॉट बेसिसवर राहणं. आपलं कपाट आपलं, पण मीटरच्या खोलीची किल्ली आपल्याकडे नाही. रूट, म्हणजे सर्व्हरचे पूर्ण, अधिकार नसतात, निम्म्या कमांड बंद असतात आणि उरलेल्यांपैकी काही जे दाखवतात ते खास आपल्यासाठी मांडलेलं असतं. म्हणून एका पुराव्यावर विसंबायचं नाही. दोन-तीन ठिकाणी बघायचं आणि ते एकमेकांशी जुळतात का, ते ताडायचं.

त्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. ‘ऑपरेटिंग सिस्टीम कोणती’ या प्रश्नात दोन प्रश्न लपलेले असतात. खाली कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, कोणता, हा एक. त्याच्यावर बसवलेल्या लायब्ररी, शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) आणि बाकी फाइली कोणत्या डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या कोणत्या तयार संचाच्या, हा दुसरा. स्वतःच्या मशीनवर दोन्हींचं उत्तर एकच असतं. शेअर्ड सर्व्हरवर मात्र तुमचं खातं एखाद्या कंटेनरमध्ये किंवा पिंजऱ्यात, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळ्या केलेल्या जागेत असेल, तर कर्नल एका घरचा आणि फाइली दुसऱ्या घरच्या असं होऊ शकतं. वर सांगितलेली नोडची अडचण दुसऱ्या प्रश्नाची आहे. कर्नल कितीही नवा असला तरी ती सुटत नाही.

लेखात कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहायची. जिथे स्पेलिंग चुकण्याची शक्यता आहे, तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

आधी विंडोज की लिनक्स, एवढंच ठरवा

याला दोन मिनिटंही लागत नाहीत. तुमचं पॅनल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पान, सीपॅनल असेल तर सर्व्हर लिनक्स आहे, कारण सीपॅनल विंडोजवर चालतच नाही. डायरेक्टअॅडमिन असेल तरी विंडोजचा प्रश्न उरत नाही. प्लेस्क मात्र दोन्हींवर चालतं, त्यामुळे तिथे पुढे बघावं लागतं.

प्लेस्कमध्ये किंवा एफटीपीमध्ये तुमच्या साइटचा पूर्ण पाथ शोधा. तो ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/व्हीहोस्ट्स’ असा सुरू होत असेल तर लिनक्स. ‘सी:’ आणि उलट्या स्लॅशनंतर ‘आयनेटपब’ दिसलं तर विंडोज. पाथ कुठे दिसत नसेल तर साइटवर मुद्दाम एखादी पीएचपीची चूक घडू द्या. एरर दाखवणं चालू असेल तर एररच्या संदेशातच फाइलचा पूर्ण पत्ता छापून येतो.

आणखी एक जुनी, सोपी परीक्षा आहे. साइटवरचं एखादं चित्र उघडा आणि पत्त्यातल्या फाइलच्या नावातलं एक अक्षर मोठं करून पुन्हा उघडा. विंडोजची फाइल सिस्टीम छोट्या-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, त्यामुळे चित्र तसंच उघडतं. लिनक्सवर ४०४ येतं. परीक्षा चित्रावर किंवा सीएसएस फाइलवरच करायची, वर्डप्रेसच्या पानावर नाही. पानांचे पत्ते डेटाबेसमधून जुळवले जातात, फाइल सिस्टीमशी त्यांचा संबंध नसतो. सीडीएन (साइटच्या फाइलींच्या प्रती ठेवून त्या पुरवणारी मधली सेवा) असेल तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीतरी आकडा जोडा, म्हणजे जुनी कॅश समोर येण्याची शक्यता कमी होते.

घरच्या विंडोज मशीनवर झॅम्पमध्ये नीट चाललेली साइट होस्टिंगवर चढवल्यावर निम्मी चित्रं गायब झाली, तर त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच. कोडमध्ये ‘लोगो’चा पहिला एल मोठा, फाइलमध्ये छोटा. घरी चाललं, तिथे अडलं.

एफटीपीवरूनही इशारा मिळतो. फाइलझिलाच्या वरच्या लॉगच्या पट्टीत जोडणी होताना ‘सिस्ट’ या कमांडला सर्व्हरने काय उत्तर दिलं ते बघा. ‘२१५ युनिक्स टाइप: एल८’ किंवा ‘२१५ विंडोज_एनटी’ अशी ओळ असते. युनिक्सचं उत्तर कच्चा पुरावा समजा. एफटीपीची सॉफ्टवेअरं सोयीसाठी ते कुठेही देऊ शकतात.

विंडोज निघालं तर आवृत्तीचा अंदाज आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरच्या क्रमांकावरून लागतो. ७.५ म्हणजे विंडोज सर्व्हर २००८ आर२, ८.० म्हणजे २०१२, ८.५ म्हणजे २०१२ आर२. मात्र १०.० दिसलं तर २०१६, २०१९, २०२२ आणि २०२५ यांपैकी काहीही असू शकतं. पीएचपी चालत असेल तर खाली सांगितलेल्या पीएचपीइन्फोमधल्या ‘सिस्टीम’च्या ओळीतून बिल्ड क्रमांक मिळतो. १४३९३ म्हणजे २०१६, १७७६३ म्हणजे २०१९, २०३४८ म्हणजे २०२२. विंडोजची गोष्ट इथेच संपवतो. आपल्याकडचं बहुतांश स्वस्त होस्टिंग लिनक्सवरच असतं, आणि खरा गुंताही तिथेच आहे.

सीपॅनलमधली एक ओळ नीट वाचा

सीपॅनलमध्ये लॉगिन केल्यावर उजव्या बाजूला ‘जनरल इन्फर्मेशन’चा चौकोन असतो. त्यात खाली ‘सर्व्हर इन्फर्मेशन’ अशी लिंक दिसते. काही होस्टिंगवाले ती बंद ठेवतात, पण बऱ्याच ठिकाणी चालू असते. उघडलेल्या तक्त्यात ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ समोर नुसतं ‘लिनक्स’ लिहिलेलं असतं. तिथे थांबू नका. ‘कर्नल व्हर्जन’ची ओळ शोधा.

समजा तिथे ‘४.१८.०-४७७.१०.१.ईएल८_८.एक्स८६_६४’ असं आहे. ही ओळ तुकडे करून वाचायची असते. पहिला भाग, ४.१८.०, हा मूळ लिनक्स कर्नलचा क्रमांक. त्यापुढचा ४७७.१०.१ हा डिस्ट्रोने स्वतः केलेल्या दुरुस्त्यांचा क्रमांक. ‘ईएल८’ म्हणजे एंटरप्राइज लिनक्स ८, अर्थात रेड हॅटच्या आठव्या पिढीच्या कुटुंबातलं काहीतरी. ‘_८’ म्हणजे त्यातली ८.८ ही उपआवृत्ती. शेवटचा तुकडा प्रोसेसरचा.

पिढी नुसत्या मूळ क्रमांकावरूनही कळते. २.६.३२ असेल तर सहावी पिढी, ३.१०.० म्हणजे सातवी, ४.१८.० म्हणजे आठवी, ५.१४.० म्हणजे नववी, ६.१२.० म्हणजे दहावी. उबंटूवर २०.०४ सोबत ५.४, २२.०४ सोबत ५.१५ आणि २४.०४ सोबत ६.८ हे मूळ कर्नल आले. डेबियन ११ ला ५.१० आणि १२ ला ६.१. उबंटूच्या ओळीच्या शेवटी बहुतेक ‘जेनेरिक’ हा शब्द असतो, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. सीपॅनल उबंटूवरही चालतं, म्हणून सीपॅनल आहे म्हणजे रेड हॅटचं कुटुंबच असणार, हे आता गृहीत धरता येत नाही.

‘ईएल’वरून कुटुंब कळतं, नाव नाही. अल्मालिनक्स, रॉकी, सेंटओएस आणि खुद्द रेड हॅट हे सगळे तोच शिक्का वापरतात. सॉफ्टवेअर चालेल की नाही एवढंच ठरवायचं असेल तर कुटुंब आणि पिढी कळली की काम भागतं, नावाच्या मागे लागायचं कारण नाही.

ओळीत ‘एलव्हीई’ ही तीन अक्षरं दिसली तर मात्र नावच कळलं. ‘३.१०.०-९६२.३.२.एलव्हीई१.५…ईएल७’ अशा धाटणीची ओळ क्लाउडलिनक्सची असते. ‘ईएल७एच’ असेल तर ते सातव्या पिढीचं क्लाउडलिनक्स, पण त्याखाली आठव्या पिढीचा कर्नल. कंपनी त्याला हायब्रिड म्हणते. कर्नल आणि फाइली वेगवेगळ्या पिढीच्या असल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. अशा सर्व्हरवर कर्नल ४.१८ दिसतो, पण जीलिबसी २.१७ च असतं. नोड १८ तिथेही अडतं.

उलट, ‘एलव्हीई’ दिसलं नाही म्हणून क्लाउडलिनक्स नाही असं मात्र नाही. नवव्या पिढीत ते अल्माचाच कर्नल वापरतं आणि आपलं तंत्र वेगळ्या मॉड्यूलमधून जोडतं. तेव्हा खुणा दुसरीकडे शोधाव्या लागतात.

क्लाउडलिनक्सच्या खुणा

क्लाउडलिनक्स ही खास शेअर्ड होस्टिंगसाठीच बनवलेली डिस्ट्रो आहे. एका खात्याने सगळा सर्व्हर खाऊ नये म्हणून ती प्रत्येकाला प्रोसेसर आणि मेमरीची मर्यादा घालते. त्या मर्यादा पॅनलमध्ये दिसतात, आणि तीच तिची सर्वांत सोपी ओळख आहे.

सीपॅनलच्या उजव्या पट्टीत ‘एंट्री प्रोसेसेस’, ‘फिजिकल मेमरी युसेज’, ‘आयओपीएस’ असे आकडे आहेत का बघा. ‘सिलेक्ट पीएचपी व्हर्जन’ नावाचं चिन्ह आहे का? सीपॅनलचं स्वतःचं साधन ‘मल्टीपीएचपी मॅनेजर’ या नावाचं असतं. ‘सिलेक्ट पीएचपी व्हर्जन’ क्लाउडलिनक्स देतं. ‘सेटअप पायथॉन अॅप’ हेही बहुधा तिकडचंच. पीएचपीची फाइल कुठे आहे त्यावरूनही कळतं. पाथ ‘/ऑप्ट/ऑल्ट’ने सुरू होत असेल तर क्लाउडलिनक्सचं पीएचपी, ‘/ऑप्ट/सीपॅनल’ने सुरू होत असेल तर सीपॅनलचं.

वर्डप्रेस असेल तर साइट हेल्थ

वर्डप्रेसच्या ५.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ‘टूल्स’मध्ये ‘साइट हेल्थ’ आहे. त्यातल्या ‘इन्फो’ टॅबमध्ये ‘सर्व्हर’चा भाग उघडा. ‘सर्व्हर आर्किटेक्चर’ समोर तीच कर्नलची ओळ मिळते. ज्यांच्याकडे पॅनलचं लॉगिन नाही, फक्त साइटचं अॅडमिन खातं आहे, त्यांच्यासाठी हा सर्वांत सरळ रस्ता. कुठल्याही प्लगइनची गरज नाही. ही माहिती देणारं पीएचपीचं फंक्शन होस्टिंगवाल्याने बंद केलं असेल तर तिथे माहिती नसल्याचं लिहून येतं.

पीएचपीलाच विचारा

साइटच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल बनवा. नाव असं ठेवा की सहज कुणाला सुचणार नाही. ‘इन्फो’ किंवा ‘टेस्ट’ नको, कारण बॉट दिवसभर याच नावांनी दार ठोठावत असतात. आत पीएचपी सुरू करणारी खूण टाका आणि पुढे ‘पीएचपीइन्फो’ हे फंक्शन, रिकामा कंस आणि अर्धविराम. ब्राउझरमध्ये उघडलं की पहिल्याच तक्त्यात ‘सिस्टीम’ची ओळ येते. तीत क्रमाने कर्नलचं नाव, सर्व्हरचं नाव, कर्नलची आवृत्ती आणि तो बांधल्याची तारीख असते.

त्याच तक्त्यात ‘बिल्ड सिस्टीम’ अशी दुसरी ओळही असू शकते. बरेच जण ती वाचून फसतात. पीएचपी जिथे कंपाइल झालं त्या मशीनची ती माहिती असते, तुमच्या सर्व्हरची नाही. ‘पीएचपी_ओएस’ नावाचा स्थिरांकही असाच, पीएचपी कुठे बनलं ते सांगणारा. ७.२ पासून आलेला ‘पीएचपी_ओएस_फॅमिली’ फक्त कुटुंब सांगतो: विंडोज, लिनक्स, बीएसडी वगैरे. तुमच्या स्क्रिप्टला विंडोज आणि लिनक्ससाठी वेगळं वागायचं असेल तेव्हा तो वापरावा. डिस्ट्रो शोधायला त्याचा उपयोग नाही.

‘कॉन्फिगर कमांड’ची लांबलचक ओळ मात्र चाळून बघा. तीत ‘रेडहॅट-लिनक्स-जीएनयू’ असे शब्द सापडले तर पीएचपीचं पॅकेज रेड हॅट कुटुंबासाठी बनलेलं आहे.

डिस्ट्रोचं नाव हवं असेल तर ‘फाइल_गेट_कंटेंट्स’ या फंक्शनने ‘/ईटीसी/ओएस-रिलीज’ ही फाइल वाचून छापता येते. ‘ओपन_बेसडिर’चं, म्हणजे ठरावीक फोल्डरबाहेरच्या फाइली वाचू न देणारं, बंधन असेल तर नकाराचा इशारा येईल. येऊ द्या, पुढचा मार्ग आहे.

काम झालं की फाइल लगेच डिलीट करा. पीएचपीइन्फोचं पान उघड्यावर राहिलं तर तुमच्या सर्व्हरचे पाथ, मॉड्यूल आणि आवृत्त्या कुणालाही वाचता येतात. जुन्या साइटवर अशी फाइल कुणीतरी वर्षानुवर्षं विसरलेली असणं, ही अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही.

शेल मिळालं तर

सीपॅनलमध्ये ‘टर्मिनल’चं चिन्ह असेल किंवा एसएसएच (दुरून कमांड चालवण्याची सोय) चालू असेल तर काम सोपं. पहिली कमांड युनेम: यू, एन, ए, एम, ई, मग स्पेस, मग वजा-चिन्ह आणि ए. ती कर्नल सांगते. दुसरी, डिस्ट्रोसाठी: कॅट, स्पेस, ‘/ईटीसी/ओएस-रिलीज’. हिच्या उत्तरात ‘प्रीटी_नेम’ समोर पूर्ण नाव आणि ‘व्हर्जन_आयडी’ समोर क्रमांक असतो. ‘आयडी_लाइक’ची ओळही बघा, नाव अनोळखी असलं तरी ती डिस्ट्रो कुणाच्या वळणाची आहे ते तिच्यातून कळतं. ही फाइल २०१२ च्या सुमारास सिस्टीमडीसोबत रूढ झाली, त्यामुळे सेंटओएस ६ सारख्या जुन्या सर्व्हरवर नसते. तिथे ‘/ईटीसी/रेडहॅट-रिलीज’ बघायची.

नावापुढचं टोपणनावही गमतीचं असतं. क्लाउडलिनक्स आपल्या आवृत्त्यांना सोव्हिएत अंतराळवीरांची नावं देतं, ७.९ चं नाव बोरिस येगोरोव्ह. अल्मालिनक्सकडे रंगीत रानमांजरं आणि बिबटे असतात. उत्तर अर्धवट कापलेलं आलं तरी अंतराळवीर दिसला की कुठे आहोत ते कळतं.

इथे पिंजऱ्याचा प्रश्न येतो. क्लाउडलिनक्सवर केजएफएस चालू असेल तर प्रत्येक खात्याला स्वतःची वेगळी ‘/ईटीसी’ दिसते. होस्टिंगवाल्याने तीत जेवढं ठेवलंय तेवढंच मिळतं. रिलीजच्या फाइली तिथे नसूही शकतात. सीपॅनलच्या जेलशेलमध्येही आपण असंच मर्यादित चित्र बघत असतो.

अशा वेळी बॅशला विचारा. ‘बॅश’, स्पेस, दोन वजा-चिन्हं आणि ‘व्हर्जन’. शेलच चालू आहे म्हटल्यावर बॅश बहुतेक असतंच. उत्तरात ४.२.४६ आलं तर सातवी पिढी, ४.४ आलं तर आठवी, ५.१.८ आलं तर नववी. उबंटू २०.०४ वर ५.०.१७, २२.०४ वर ५.१.१६, २४.०४ वर ५.२.२१. त्याच ओळीच्या कंसात ‘रेडहॅट’ असेल तर ते कुटुंब. ‘पीसी-लिनक्स-जीएनयू’ असेल तर डेबियन किंवा उबंटूची बाजू.

आणि ज्या प्रश्नासाठी एवढा खटाटोप, तो थेट विचारायची कमांड आहे ‘एलडीडी’, स्पेस, दोन वजा-चिन्हं, ‘व्हर्जन’. पहिल्याच ओळीत जीलिबसीचा क्रमांक मिळतो. २.१२ म्हणजे सहावी पिढी, २.१७ सातवी, २.२८ आठवी, २.३४ नववी. उबंटू २०.०४ आणि डेबियन ११ दोन्हींवर २.३१, उबंटू २२.०४ वर २.३५, डेबियन १२ वर २.३६, उबंटू २४.०४ वर २.३९. माझ्या मते सगळ्या लेखात सर्वांत कामाचा आकडा हाच. बाहेरून आणलेली तयार बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल केलेला प्रोग्राम, चालणार की नाही, हे डिस्ट्रोच्या नावापेक्षा तो नेमकं सांगतो. नोड १८ च्या अधिकृत बायनरीला किमान २.२८ लागतं. २.१७ वर अडकला असाल तर नोडच्या अनधिकृत बिल्डमध्ये २.१७ साठी वेगळी बायनरी मिळते, पण तो तात्पुरता टेकू समजायचा.

शेल नसेल तर क्रॉन

हा रस्ता फारसा कुणाला सुचत नाही. टर्मिनल बंद ठेवणाऱ्या स्वस्त प्लॅनमध्येही क्रॉन जॉब बहुधा चालू असतो, आणि क्रॉन म्हणजे वेळ ठरवून चालवलेलं शेलच. सीपॅनलमध्ये ‘क्रॉन जॉब्स’ उघडा, पाच मिनिटांनी चालेल असा एक जॉब घाला. कमांडच्या जागी वरच्या चारही कमांड अर्धविरामाने जोडून महिरपी कंसात ठेवा. उघडणाऱ्या कंसानंतर जागा आणि बंद होणाऱ्या कंसाआधी अर्धविराम विसरू नका. पुढे ‘पेक्षा मोठं’ची खूण देऊन आपल्या होम फोल्डरमधल्या एका टेक्स्ट फाइलचा पूर्ण पाथ लिहा. शेवटी २, तीच खूण, अँडचं चिन्ह आणि १ असं न विसरता जोडा, म्हणजे चुकांचे संदेशही त्याच फाइलमध्ये पडतील. ‘फाइल नाही’ किंवा ‘परवानगी नाही’ हेही शेवटी उत्तरच असतं.

फाइल सार्वजनिक फोल्डरमध्ये नको, होममध्येच ठेवा. उत्तर मिळालं की जॉब काढून टाका, नाहीतर तो दर पाच मिनिटांनी चालतच राहील.

डेटाबेसच्या दारातून

पीएचपीमायअॅडमिनच्या पहिल्याच पानावर ‘सर्व्हर व्हर्जन’ लिहिलेलं असतं, आणि त्याच्या शेपटीत पुष्कळ काही असतं. ‘मारियाडीबी’च्या पुढे ‘सीएलएल-एलव्हीई’ असेल तर क्लाउडलिनक्स. ‘०उबंटू०.२२.०४.१’ असेल तर उबंटू २२.०४, आणि ‘डेब१२’ असेल तर डेबियन १२. याहून सरळ कबुली दुसरीकडे मिळत नाही. शेपटी नसेल तर एसक्यूएलच्या खिडकीत दोन अॅट-चिन्हं आणि ‘व्हर्जन_कंपाइल_ओएस’ हा चल सिलेक्ट करा. ‘लोअर_केस_टेबल_नेम्स’चं मूल्य लिनक्सवर सहसा ०, विंडोजवर १ असतं.

पण डेटाबेस वेगळ्या मशीनवर असू शकतो. तुमच्या कॉन्फिग फाइलमध्ये डेटाबेसचा होस्ट ‘लोकलहोस्ट’ नसून दुसरा पत्ता असेल, तर ही माहिती त्या मशीनची, तुमच्या वेब सर्व्हरची नव्हे.

बाहेरून, लॉगिनशिवाय

कधी लॉगिनच हातात नसतं. क्लायंटचा जुना डेव्हलपर फोन उचलत नाही, आणि काम तर आजच समजून घ्यायचंय. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅब उघडून पान पुन्हा लोड करा आणि पहिल्या ओळीच्या रिस्पॉन्स हेडरमध्ये ‘सर्व्हर’ बघा. ‘अपाची/२.४.६’ आणि सोबत सेंटओएस म्हणजे सातवी पिढी. ‘अपाची/२.४.४१’ सोबत उबंटू म्हणजे २०.०४, २.४.५२ म्हणजे २२.०४, २.४.५८ म्हणजे २४.०४. नुसतं ‘अपाची’ किंवा ‘लाइटस्पीड’ आलं तर त्यावरून काहीच ठरत नाही. सीपॅनल स्वतःचं अपाची बसवतं आणि शहाणे अॅडमिन आवृत्ती लपवतात. ‘क्लाउडफ्लेअर’ दिसलं तर उत्तर मधल्या माणसाने दिलंय, सर्व्हरने नाही.

एसएसएचचा बॅनर यापेक्षा बोलका असतो. लॉगिनची गरज नाही. ‘एसएसएच’, स्पेस, वजा-चिन्ह व्ही, स्पेस आणि साइटचा पत्ता अशी कमांड दिली की पासवर्ड मागण्याआधीच ‘रिमोट सॉफ्टवेअर व्हर्जन’ छापलं जातं. ओपनएसएसएच ५.३ म्हणजे सहावी पिढी, ७.४ सातवी, ८.० आठवी, ८.७ बहुतेक नववी. उबंटू आणि डेबियन तर बॅनरमध्ये आपलं नावच जोडतात. बऱ्याच होस्टिंगवर पोर्ट २२ बंद असतो, मग या मार्गाने काही मिळत नाही. सीडीएनच्या मागे असलेल्या साइटचंही तेच.

डोमेनवरून आलेल्या एखाद्या ईमेलचे पूर्ण हेडर वाचले तरी धागा सापडतो. ‘एक्झिम’ दिसलं तर सर्व्हर बहुतेक लिनक्सचा आणि पॅनल बहुधा सीपॅनल किंवा डायरेक्टअॅडमिन. ‘मेलएनेबल’ दिसलं तर विंडोज.

पिंगच्या उत्तरातल्या टीटीएल या आकड्यावरून ओळखायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते: लिनक्स ६४ पासून सुरू करतं, विंडोज १२८ पासून, आणि वाटेतल्या प्रत्येक राउटरवर एक कमी होतो. ५२ आलं तर लिनक्स, ११५ आलं तर विंडोज. गंमत म्हणून ठीक. मध्ये फायरवॉल किंवा सीडीएन असेल तर आकडा त्यांचा असतो.

एनमॅपने, म्हणजे सर्व्हरची पोर्ट तपासणाऱ्या साधनाने, स्कॅन करायचा मोह मात्र टाळा. सर्व्हरवर तुमच्यासारखी शेकडो खाती असतात, मशीन तुमचं नाही, आणि होस्टिंगच्या अटींत असं स्कॅनिंग सहसा बसत नाही. शिवाय पोर्ट स्कॅन ओळखणारी फायरवॉल तुमचा आयपी बंद करते. मग ऑफिसातल्या सगळ्यांची साइट आणि मेल एकदम बंद, आणि सपोर्टला समजावत बसायचं.

पुरावे जुळले नाहीत तर

चालत्या सॉफ्टवेअरने स्वतःबद्दल दिलेली माहिती आधी माना, लिहून ठेवलेली नंतर. जीलिबसी आणि बॅशचे क्रमांक एका पिढीचे आणि कर्नल दुसऱ्या पिढीचा असेल, तर कंटेनर किंवा हायब्रिड कर्नल आहे असं समजा आणि सॉफ्टवेअरसाठी जीलिबसीचीच पिढी धरा. डेटाबेस उबंटू म्हणतोय आणि पीएचपी ईएल८, तर ती दोन वेगळी मशीन आहेत. होस्टिंगच्या जाहिरातीच्या पानावरची डिस्ट्रो सर्वांत शेवटी. ते पान लिहिलं तेव्हा खरं असेलही.

कर्नलच्या जुन्या तारखेवरून सर्व्हर दुर्लक्षित आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका. कर्नलकेअरसारखी साधनं चालू कर्नलमध्ये रीबूट न करता दुरुस्त्या घालतात, आणि युनेम तरीही जुनाच क्रमांक दाखवत राहतं. रेड हॅटचं कुटुंब सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्याच आवृत्तीत मागे नेऊन घालतं, त्यामुळे अपाची २.४.६ पाहूनही घाबरायचं नसतं. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: त्या पिढीला अजून दुरुस्त्या मिळतात का? सेंटओएस ६ चा आधार ३० नोव्हेंबर २०२० ला संपला, सेंटओएस ८ चा ३१ डिसेंबर २०२१ ला आणि सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. सेंटओएस ८ अकाली बंद होणार म्हणूनच २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी पुढे आले. सातव्या पिढीसाठी पैसे भरून विस्तारित आधार मिळतो, त्यामुळे ‘ईएल७’ दिसलं तर सपोर्टला नेमकं विचारा: ‘सर्व्हरवर जीलिबसी २.१७ दिसतंय. हा सेंटओएस ७ आहे की क्लाउडलिनक्स ७? विस्तारित आधार घेतला आहे का? आठव्या किंवा नवव्या पिढीच्या सर्व्हरवर माझं खातं हलवता येईल का?’ एवढं लिहिलं की ‘सर, सर्व्हर लिनक्स आहे’ असं उत्तर सहसा येत नाही. खातं हलवून मिळणं तर अनेकदा फुकट असतं, मागावं मात्र लागतं.

मराठी साइट असेल तर हलवण्याआधी एक तपासणी जरूर करा. जुन्या पीएचपी कोडमध्ये ‘सेटलोकेल’ला ‘एमआर_आयएन’ देऊन तारखा मराठीत छापलेल्या असतात. सातव्या पिढीपर्यंत सगळ्या भाषांचे लोकेल, म्हणजे त्या त्या भाषेतली वार-महिन्यांची नावं वगैरे माहिती, जीलिबसीसोबतच येत. आठव्या पिढीपासून प्रत्येक भाषेचं पॅकेज वेगळं झालं. मराठीचं पॅकेज नव्या सर्व्हरवर नसेल तर कुठलीही एरर येत नाही, फक्त ‘सोमवार’च्या जागी इंग्रजी वार दिसू लागतो. ‘लोकेल’, स्पेस, वजा-चिन्ह ए ही कमांड चालवून यादीत ‘एमआर_आयएन’ आहे का बघा. नसेल तर सपोर्टला ‘जीलिबसी-लँगपॅक-एमआर’ बसवायला सांगा, किंवा कोडमध्ये ‘इंटल’ एक्स्टेन्शनचा डेटफॉरमॅटर वापरा. तो जीलिबसीच्या लोकेलवर अवलंबून नसतो, आणि जुनं ‘एसटीआरएफटाइम’ फंक्शन पीएचपी ८.१ पासून कालबाह्य ठरवलेलं असल्यामुळे ते तसंही बदलावं लागणारच आहे.